म्हातारपणी खुबा मोडला तर: नातेवाईकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोन बहुतेक वेळा पहाटेच येतो. ‘डॉक्टर, आई लघवीला उठली होती, मोरीच्या उंबऱ्याशी घसरली. पाय उचलताच येत नाहीये.’ तालुक्याच्या गावात हाडांची प्रॅक्टिस करताना असे फोन किती आले याची मोजदाद नाही. पण पुढच्या दोन दिवसांत घरची माणसं जे प्रश्न विचारतात ते जवळजवळ ठरलेले असतात. व्हरांड्यात पंधरा जण घोळका करून उभे असताना त्यांची नीट उत्तरं देणं जमत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो: खुब्याचं ऑपरेशन नुसतं हाड जुळावं म्हणून करायचं नसतं, माणूस अंथरुणातून उठावा म्हणून करायचं असतं. खालची बहुतेक उत्तरं यातूनच निघतात.

खुबा मोडला म्हणजे नक्की काय मोडलं? लोक तर ‘कंबर मोडली’ म्हणतात.

कंबर शाबूत असते. मोडतं ते मांडीचं हाड, अगदी वरच्या टोकाला. या टोकाला मोठ्या लिंबाएवढा एक गोळा असतो आणि तो कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. गोळ्याच्या खाली हाडाची तिरकी मान असते आणि मानेच्या खाली दोन उंचवटे असलेला जाडसर भाग. हाड मानेत मोडलं की उंचवट्यांच्या भागात मोडलं, यावर पुढचं सगळं ठरतं.

कारण रक्तपुरवठा. गोळ्याला रक्त मुख्यतः खालून, मानेला चिकटून वर चढणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून मिळतं. शेताच्या शेवटच्या वाफ्याला पाणी नेणारा एकच पाट मध्येच फुटावा, तसं मान मोडून सरकली की गोळा कोरडा पडतो. मग स्क्रू मारून हाड कितीही सुरेख बसवलं, तरी ते जुळेलच अशी खात्री नसते, आणि जुळलं तरी पुढे वर्ष-दोन वर्षांत गोळा झिजून चपटा होऊ शकतो. उंचवट्यांच्या भागात उलट आहे. तिथे रक्त भरपूर, त्यामुळे हाड जुळतं. पण त्याच कारणाने आत रक्तस्रावही जास्त होतो. मांडी सुजते, दोन दिवसांनी काळी-निळी होते आणि हिमोग्लोबिन उतरतं.

पडल्यावर दवाखान्यात नेईपर्यंत काय करावं?

मालिश नको, पाय ओढून ‘बसवणं’ नको, ‘उठून बघ जरा’ म्हणत उभं करणंही नको. पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला लवंडलं असेल तर खुबा मोडला असं धरूनच चाला. दोन्ही पायांमध्ये एक उशी ठेवा, दोन्ही पाय एकत्र उपरण्याने सैल बांधा आणि जाड चादरीसकट चौघांनी उचला. १०८ ला फोन करा. रिक्षात बसवून नेताना खुबा दुमडतो, आणि ती कळ माणूस जन्मात विसरत नाही.

निघताना एक पिशवी भरा: रोजच्या सगळ्या गोळ्या पाकिटांसह, जुने रिपोर्ट, आधार कार्ड, रेशन कार्ड, चष्मा, कानाचं मशीन, कवळी. चष्मा आणि मशीन घरी राहतं, आणि ते नसल्यामुळे काय होतं हे पुढे सांगणार आहे.

ती पडल्यावर थोडी चालली. म्हणजे हाड मोडलेलं नाही ना?

असं खात्रीने सांगता येत नाही. मान मोडते, पण कधीकधी दोन्ही तुकडे एकमेकांत रुतून बसतात. मग माणूस लंगडत का होईना चालतो. दुखतं ते जांघेत, क्वचित नुसतं गुडघ्यात. गुडघा तपासून ‘वात आहे’ म्हणून गोळ्या दिल्याची उदाहरणं कमी नाहीत.

एक आजी आठ दिवस काठी टेकत घरातलं सगळं करत होत्या. नवव्या दिवशी चुलीपुढून उठताना ‘कट’ असा आवाज झाला आणि त्या तिथेच बसल्या. पहिल्याच दिवशी एक्स-रे झाला असता तर तीन बारीक स्क्रूंवर काम भागलं असतं, आठ दिवसांनी सबंध गोळा बदलावा लागला. साठीच्या पुढचं माणूस पडलं आणि जांघेत दुखतंय एवढं कळलं की एक्स-रे काढाच.

एक्स-रेमध्ये तुम्ही काय बघता? एमआरआय का काढत नाही?

दोन्ही खुबे एकाच फिल्मवर यावेत असा एक एक्स-रे आणि दुखऱ्या खुब्याचा बाजूने एक. दोन्ही एकत्र यासाठी, की धडधाकट बाजू शेजारी असली की बिघाड लगेच नजरेत भरतो. मानेच्या खालच्या कडेवरून कमरेच्या हाडातल्या भोकाच्या वरच्या कडेवर एक सलग कमान दिसते. ती तुटलेली दिसली की काहीतरी सरकलेलं असतं. हाडाच्या आतल्या रेषाही मी नातेवाईकांना दाखवतो. वजन पेलायला निसर्गाने घराच्या वाशांसारख्या आडव्या-उभ्या रेषा आखलेल्या असतात आणि हाड ठिसूळ होत जातं तशा त्या एकेक करून पुसट होतात. या रेषांवरून हाडाचा ठिसूळपणा मोजायची पद्धत मनमोहन सिंग या भारतीय डॉक्टरांनी १९७० मध्ये मांडली. ती आजही जगभर त्यांच्या नावाने, सिंग इंडेक्स म्हणून ओळखली जाते. घनता मोजणारं मशीन नसलेल्या गावात आजही एवढ्यावरून बराच अंदाज येतो.

बहुतेकांना एक्स-रे पुरतो. थोड्या लोकांत मात्र एक्स-रे स्वच्छ दिसतो आणि दुखणं थांबत नाही. अशा वेळी एमआरआय हवाच, कारण बारीक चीर त्यात पहिल्याच दिवशी दिसते. पेसमेकर असेल किंवा एमआरआय लांब असेल तर सीटी स्कॅन. पण एक्स-रेमध्ये हाड उघड मोडलेलं दिसत असताना एमआरआयसाठी जिल्ह्याच्या गावी नेऊन-आणून एक दिवस घालवणं म्हणजे रुग्णाला विनाकारण हाल.

हाडवैद्याकडून लेप लावून घेतला तर? किंवा नुसतं प्लास्टर?

मनगट किंवा नडगीला बाहेरून आधार देता येतो, खुब्याला नाही. वर कमरेचा सांधा, भोवती मांडीचे जाड स्नायू. बाहेरून काहीही बांधलं तरी आतले तुकडे हलत राहतात. लेपाखालची कातडी सोलून आलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि मग त्या कातडीवर छेद घेता येत नाही म्हणून आणखी दहा दिवस जातात.

वय ८५ आहे. आता कशाला कापाकापी? झेपेल का तिला?

हा प्रश्न प्रेमापोटीच विचारला जातो हे मला माहीत आहे. बहुतेक मुलगाच विचारतो, डोळे खाली घालून. म्हणून याचं उत्तर नीट देतो.

ऑपरेशन नाही म्हणजे काय, ते डोळ्यांपुढे आणा. पायाला वजन लटकवून सहा ते बारा आठवडे पाठीवर पडून राहायचं. कूस बदलताना ओरडायला होतं, म्हणून कूस बदलली जात नाही. माकडहाडावरची कातडी लाल होते, मग काळी पडते, मग तिथे मूठ जाईल एवढी जखम होते. पडून राहिल्याने कफ सुटत नाही आणि न्यूमोनिया होतो. लघवीची नळी, तिचा संसर्ग. पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ, ती सुटून फुप्फुसात. जेवण तुटतं. हे सगळं हाड मोडल्यामुळे होत नाही, पडून राहिल्यामुळे होतं. तरुण माणूस एवढं सोसून जातो, ८५ वर्षांची आजी सोसू शकत नाही. म्हणजे वय हे ऑपरेशन टाळायचं कारण नसून ते करायचं कारण आहे.

धोका नाही असं मी म्हणत नाही. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचांत एक ते तिघांत एक वर्षभरात जातो, उत्तम उपचार होऊनसुद्धा. हृदय, मूत्रपिंड, फुप्फुसं आधीच थकलेली असतात आणि पडणं हे कित्येकदा त्या थकव्याचंच लक्षण असतं. हा आकडा मी घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगतो. पण तो सांगितल्यावर ‘मग राहू द्या’ म्हणणं चुकीचं आहे, कारण ऑपरेशन न करता तो आकडा आणखी वाढतो आणि उरलेले दिवस वेदनेत जातात.

अपवाद आहेत. जी व्यक्ती आधीपासूनच अंथरुणाला खिळलेली आहे, कोणाला ओळखत नाही, किंवा दुसऱ्या आजाराने शेवटच्या दिवसांत आहे, तिच्यासाठी वेदना कमी करणं एवढंच ध्येय ठेवणं योग्य. तिथेही कधीकधी सळी टाकली की स्वच्छता करताना होणारं ओरडणं थांबतं. हा निर्णय घरच्यांबरोबर बसून घ्यायचा असतो.

मुलगा अमेरिकेतून परवा रात्री पोचेल. तोवर थांबलं तर चालेल ना?

त्याला व्हिडिओ कॉलवर घ्या, एक्स-रे पाठवा. मी त्याच्याशी बोलतो. पण त्याच्यासाठी थांबू नका. रुग्णाची तब्येत स्थिर असेल तर ३६ ते ४८ तासांत ऑपरेशन व्हावं, हे आता जगभर मान्य आहे. भारतासह १७ देशांत जवळजवळ ३,००० रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाचं ऑपरेशन निदानापासून सुमारे सहा तासांत, दुसऱ्याचं सुमारे २४ तासांत झालं. मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही, पण लवकर ऑपरेशन झालेल्यांना भ्रम कमी झाला, लघवीचे संसर्ग कमी झाले आणि ते लवकर उभे राहिले. म्हणजे मध्यरात्री धावपळ करायची गरज नाही, पण चार-पाच दिवस काढणं नुकसानीचंच.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो ‘फिटनेस’मध्ये. रक्तातलं सोडियम कमी आहे, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) राहिला आहे, हृदयाचे डॉक्टर गुरुवारीच येतात. ज्या गोष्टी सुधारता येतील त्या जरूर सुधाराव्यात: फारच खालावलेलं सोडियम, खूप उतरलेलं हिमोग्लोबिन, बेभान साखर, धडधडणारं अनियमित हृदय. जे महिनाभराने बदलणार नाही त्यासाठी थांबून उपयोग नाही. अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर थांबायचं कारण नाही. क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळीसाठीही पाच-सात दिवस थांबायची जुनी पद्धत आता मागे पडते आहे, अशा वेळी भुलीचा प्रकार बदलता येतो. रक्त पातळ करणाऱ्या बाकीच्या गोळ्यांबाबत शेवटची गोळी किती वाजता घेतली ते नक्की सांगा. त्या एका वेळेवर बरंच अवलंबून असतं.

भूल पूर्ण देणार का? उठेल ना परत?

बहुतेक वेळा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात, रुग्ण जागा असतो. काही आजारांत पूर्ण भूलच जास्त सुरक्षित ठरते, ते भूलतज्ज्ञ ठरवतील. मी मात्र एका गोष्टीचा आग्रह धरतो: दाखल झाल्याबरोबर जांघेत वेदनाशामक ब्लॉक द्यावा. त्या एका इंजेक्शनने मांडीच्या नसा बधिर होतात आणि म्हातारं माणूस एक्स-रेच्या टेबलावरही शांत पडून राहतं. तुमच्या दवाखान्यात मिळतो का, विचारा.

सळी, प्लेट, की बॉल? शेजारच्यांना वेगळंच घातलं होतं.

शेजारच्यांचं हाड वेगळ्या जागी मोडलं असणार.

उंचवट्यांच्या भागात मोडलं असेल तर हाड तसंच ठेवून आधार देतात. त्यात दोन प्रकार आहेत. बाहेरून प्लेट आणि गोळ्यात जाणारा जाड स्क्रू, त्याला आम्ही डीएचएस म्हणतो. नाहीतर हाडाच्या पोकळीत सळी आणि तिच्यातून गोळ्यात स्क्रू, ती पीएफएन. साधं, दोन तुकड्यांचं, बाहेरची भिंत शाबूत असलेलं फ्रॅक्चर असेल तर प्लेट उत्तम काम देते आणि स्वस्तही पडते. चुरा झाला असेल किंवा तुकडा तिरका खाली घसरत असेल तर सळीच हवी, कारण ती वजनाच्या रेषेच्या जवळ असते.

मानेत मोडून सरकलं असेल आणि वय साठ-पासष्टच्या पुढचं असेल तर गोळा बदलणं हाच बहुधा शहाणपणाचा मार्ग. न सरकलेल्या मानेला स्क्रू पुरतात. गोळा बदलण्यातही पायऱ्या आहेत. जुना एकसंध धातूचा गोळा, ऑस्टिन मूर या अमेरिकी सर्जनच्या नावाचा, अजूनही काही ठिकाणी वापरला जातो. गोळा हाडात घट्ट बसवणारं सिमेंट त्यात नसतं, तो सैल पडून मांडी दुखत राहू शकते. सध्या जास्त वापरला जातो तो ‘बायपोलर’, म्हणजे गोळ्यात गोळा. आणि जो आजोबा पडायच्या आदल्या दिवसापर्यंत शेतावर चालत जात होता, त्याच्यासाठी वाटीसकट पूर्ण सांधा बदलण्याचा विचार जरूर करावा. पूर्ण बदललेला सांधा जास्त निखळतो, ऑपरेशनही मोठं, पण चालत्या-फिरत्या माणसाला वाटी झिजून पुढे दुखण्याचा त्रास कमी होतो. हाड पोकळ असेल तर नव्या गोळ्याचा हाडात जाणारा दांडा सिमेंट लावून जास्त घट्ट बसतो. सिमेंट भरतानाच्या काही मिनिटांत रक्तदाब उतरू शकतो, म्हणून भूलतज्ज्ञाला तेव्हा आवर्जून सावध केलं जातं.

आणि तो ठरलेला प्रश्न: ‘इम्पोर्टेड घालू का?’ घरदार गहाण टाकून परदेशी सळी आणणाऱ्यांना मी हात जोडून थांबवतो. सळी कोणत्या देशाची यापेक्षा तिचा स्क्रू गोळ्यात नेमका कुठे बसला हे कितीतरी महत्त्वाचं. समोरून आणि बाजूने काढलेल्या दोन्ही एक्स-रेवर स्क्रूच्या टोकापासून गोळ्याच्या टोकापर्यंतचं अंतर मोजून बेरीज केली तर ती २५ मिलिमीटरच्या आत हवी, हे १९९५ मध्येच दाखवलं गेलं आहे. बेरीज वाढली की स्क्रू हाड कापत बाहेर येण्याची भीती वाढते. ऑपरेशननंतरचा एक्स-रे बघताना डॉक्टरांना हे विचारलंत तर राग येण्याचं कारण नाही.

ऑपरेशन चांगलं झालं म्हणता, पण आई रात्रीपासून भलतंच बोलतेय. डोक्यावर परिणाम झाला का?

सूनबाई रडत बाहेर येतात तो हा क्षण. कालपर्यंत नातवाचे मार्क तोंडपाठ असलेली आजी भिंतीवर मुंग्या दाखवते, सलाईन उपटते, लेकीला ‘तू कोण’ विचारते, मेलेल्या नवऱ्याला जेवायला वाढायला सांगते. याला आम्ही भ्रम म्हणतो आणि खुब्याच्या रुग्णांत तो फार वेळा दिसतो. वेड लागलेलं नसतं. दुखणं, अपुरी झोप, पाणी कमी पडणं, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, उतरलेलं सोडियम, संसर्ग, झोपेची गोळी, अनोळखी खोली यातलं एक किंवा अनेक मिळून मेंदू गोंधळतो. बहुतेकांचा भ्रम काही दिवसांत उतरतो, काहींना आठवडे लागतात.

औषधापेक्षा घरच्यांचा हात इथे जास्त चालतो. चष्मा लावा, कानाचं मशीन घाला, कवळी बसवा. म्हणूनच पिशवीत ठेवायला सांगितलं होतं. उशाशी ओळखीचं एकच माणूस ठेवा, दर तासाला नवीन चेहरा नको. ‘आई, तू दवाखान्यात आहेस, पाय मोडला होता, ऑपरेशन झालं, आज मंगळवार आहे, सकाळचे नऊ वाजलेत’ हे शांतपणे, पुन्हा पुन्हा सांगा. दिवसा खिडकी उघडी ठेवा, रात्री दिवा मंद. वाद घालू नका आणि हात पलंगाला बांधू देऊ नका. एका नातवाने आजीचं जपमाळेचं गोमुख घरून आणून हातात दिलं होतं. दोन रात्री झोपेचं इंजेक्शन मागणाऱ्या त्या वॉर्डात तिसऱ्या रात्री नुसती मण्यांची टिकटिक ऐकू येत होती.

काही रुग्ण उलट अगदी गप्प होतात, झोपून राहतात, खात नाहीत. ‘शांत आहे’ म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. तोही भ्रमच असतो आणि जास्त धोक्याचा. लगेच सांगा.

उभं कधी करायचं? टाके निघेपर्यंत पाय टेकवायचा नाही ना?

दुसऱ्या दिवशी. पलंगाच्या कडेला बसवायचं, पाय खाली सोडायचे, चक्कर येत नसेल तर वॉकर घेऊन उभं करायचं आणि झेपेल तेवढं वजन टाकू द्यायचं. फारच चुरा झाला असेल तर सर्जन वेगळं सांगतील, एरवी वृद्ध माणसाला ‘पाय टेकवू नका’ सांगणं म्हणजे पुन्हा अंथरुणावर ढकलणं. एका पायावर उड्या मारत वॉकर चालवणं ऐंशीच्या माणसाला जमत नाही. आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला, हा क्रम. घरच्यांनी दंड धरून ओढायचं नाही, कमरेला पट्टा किंवा घट्ट ओढणी बांधून ती धरायची. व्यायाम म्हणून पंजे वर-खाली करणं आणि गुडघ्याखाली टॉवेल दाबणं दिवसातून अनेकदा.

मांडी घालून बसता येईल का? संडासाचं काय?

सळी किंवा प्लेट असेल तर हाड जुळल्यावर, साधारण तीन-चार महिन्यांनी, हळूहळू जमेल तेवढं बसायला हरकत नाही. गोळा बदलला असेल तर खाली बसणं, उकिडवं बसणं, पायावर पाय टाकणं टाळायचं. गोळा वाटीतून निखळू शकतो, विशेषतः पहिले तीन महिने. खुर्ची गुडघ्यापेक्षा उंच हवी. देशी संडासावर ठेवायची खुर्ची मिळते, घरी जाण्याआधी आणून ठेवा. देवपूजा खुर्चीवर बसून केली तरी चालते, याची परवानगी आज्या डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकू इच्छितात. मी ती देतो.

पथ्य काय? आंबट, भात, वांगं बंद केलंय, पू होऊ नये म्हणून.

सुरू करा. आंबटाने किंवा भाताने पू होत नाही. न खाण्याने मात्र जखम भरत नाही. म्हाताऱ्या माणसाला या काळात डाळ, उसळ, दूध, दही, अंडी आणि चालत असेल तर मासे-चिकन नेहमीपेक्षा जास्त लागतं. पेज आणि मऊ भात एवढ्यावर महिना काढला की मांडीचे स्नायू डोळ्यांदेखत उतरतात. नाचणी जरूर द्या, १०० ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं.

हाड जुळलं. आता औषध बंद ना?

इथेच सगळ्यात मोठी चूक होते, आणि ती आम्हा डॉक्टरांकडूनही होते. उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला याचाच अर्थ हाडं ठिसूळ आहेत. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर (घनतेचा आकडा) उणे २.५ किंवा खाली आला की ठिसूळपणा धरतात, पण खुबा मोडल्यावर उपचार सुरू करायला त्या तपासणीची वाट बघायची गरज नाही. एवढं होऊनही बहुतेक रुग्णांना टाके काढून, वॉकर देऊन, फार तर कॅल्शियमची बाटली देऊन घरी पाठवलं जातं. वर्ष-दोन वर्षांत दुसरा खुबा घेऊन ते परत येतात.

उपाय आहेत, आणि ते फार महाग नाहीत. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं ५ मिलिग्रॅम झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड: २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खुबा मोडलेल्यांना ते दिल्यावर नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. ते साधारण दोन आठवड्यांनंतर देतात. आधी मूत्रपिंड तपासायचं, ड जीवनसत्त्व भरून घ्यायचं, दात काढायचे असतील तर आधी काढायचे. दिल्यावर एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी येते, पॅरासिटामॉलने जाते. नाहीतर आठवड्यातून एकदा अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी: सकाळी उपाशीपोटी, भरपूर साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहाही नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर जखम करते, म्हणून एवढा नियम.

ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी आठवड्यातून एक, डॉक्टर सांगतील तेवढेच आठवडे. ती रोज घेऊन कॅल्शियम भलतंच वाढलेले आणि उलट्या होत असलेले रुग्ण आले आहेत. पुडीवर वार लिहून ठेवा.

पुन्हा पडू नये म्हणून घरात काय करावं?

एकदा संध्याकाळी त्यांच्या पलंगावर स्वतः आडवे व्हा आणि दिवे घालवून संडासापर्यंत चालत जा. वाटेत पायाला जे लागेल ते काढायचं: निसटतं पायपुसणं, मोबाइलच्या चार्जरची वायर, मोरीचा उंबरा, शेवाळलेली फरशी. रात्रभर जळणारा छोटा दिवा लावा, संडासात आणि मोरीत भिंतीला पक्की दांडी ठोका. टॉवेल अडकवायची दांडी नको, ती वजनाने उखडते. साडी किंवा लुंगी घोट्याच्या वर. निसटत्या स्लिपर फेकून द्या. मोतीबिंदू पिकायची वाट बघू नका. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांना एकदा पुन्हा दाखवा, कारण पहाटे उठताना चक्कर येते ती बऱ्याचदा त्यांच्यामुळे. आधी कडेला बसायचं, मनात वीस आकडे म्हणायचे, मग उठायचं.

खर्च झेपत नाही. योजनेत होतं का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत खुब्याच्या शस्त्रक्रिया येतात, पण कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात मिळेल हे वेगवेगळं असतं. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो, दाखल होतानाच त्याला गाठा. ऑपरेशन झाल्यावर कागद घेऊन गेलात तर उपयोग होत नाही. ७० वर्षांवरच्या कोणालाही, घरचं उत्पन्न काहीही असलं तरी, २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. आई-वडील धडधाकट असतानाच हे काढून ठेवा. पाय मोडल्यावर पहाटे तीनला अंगठ्याचा ठसा जुळत नसतो.

घरी गेल्यावर कशासाठी लगेच परत आणायचं?

जखमेतून पाणी किंवा पू येणं, थंडी वाजून ताप. एक पोटरी अचानक सुजून दुखणं. धाप लागणं किंवा छातीत दुखणं, हे असेल तर एक मिनिटही थांबू नका. कालपर्यंत चालणारा माणूस आज पाय टेकवायला नकार देतो, किंवा पाय पुन्हा आखूड, वळलेला दिसतो. दोन दिवस नीट खाणं-पिणं नाही. टाचेवर किंवा माकडहाडावर लाल डाग, जो बोट दाबलं तरी पांढरा होत नाही. तो डाग रोज अंघोळ घालताना शोधायचा, आणि पाठ बघायला त्या संकोचतात म्हणून सोडून द्यायचा नाही. यातलं काही नसेल तर दीड आणि तीन महिन्यांनी एक्स-रेसाठी या. येताना वॉकरची खालची रबरं तपासून आणा, ती झिजलेली असतात.